कार्डावरची कसर

हिवरशेतच्या डॉक्टरांचं आडनाव दहातोंडे. या आडनावावरून गावात एक विनोद आहे आणि एकोणीस वर्षं झाली तरी तो कुणाला शिळा वाटत नाही. दहा तोंडं असून माणूस एका तोंडानं धड बोलत नाही, असा तो विनोद. आता खोटं कशाला सांगा, डॉ. गहिनीनाथ दहातोंडे खरंच कमी बोलतात. पेशंट स्टुलावर बसला की ते आधी मागं वळतात, पत्र्याच्या पेटीतून त्या घराचं कार्ड काढतात आणि मग म्हणतात, "हं." काय होतंय, कधीपासून होतंय, घरचे कसे आहेत, हे सगळं त्या एका "हं"मध्ये आलं असं आपण समजून घ्यायचं.

या कार्डांचं आधी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ कार्डांचाच आहे. घोडेगावच्या बाजारापासून दहा-बारा मैलांवरचं हे गाव. दुधाच्या गायी, जनावरांचे व्यापारी आणि ऊस. आसपासचे डॉक्टर चिठ्ठीवर दोन रेघोट्या मारून पेशंटला वाटेला लावतात. दहातोंड्यांचं तसं नाही. घरटी एक गुलाबी कार्ड, त्यावर तारीख, तक्रार, ताप, बीपी, औषध. अशा चार पेट्या भरलेल्या. पाहुणेरावळे आले की गावातली माणसं अभिमानानं सांगतात, "आमचा डॉक्टर कार्ड काढल्याशिवाय नाडीला हात लावत न्हाई." डॉक्टरांना दुसरा कसला म्हणून गर्व नव्हता. या पेट्यांचा मात्र होता, आणि चांगला घसघशीत होता.

बाकी आयुष्य म्हणाल तर पडदा ते स्टूल. दवाखान्याच्या मागच्या बाजूला घर, मधे एक दार आणि दाराला फुलाफुलांचा पडदा. सकाळी नऊ ते दोन दवाखाना, संध्याकाळी पाच ते नऊ दवाखाना. शिक्षण संपता संपता वडील गेले आणि पुढचं शिकायचं राहिलं. "दोन वर्षं गावात बघू," म्हणून पाटी लावली ती लावलीच. सख्ख्या मेव्हणीच्या लग्नाला कोल्हारला गेले, तर हळदीच्या दिवशीच फोन आला की पाटलाच्या सुनेला उलट्या होतायत. अंगावरच्या हळदीसकट माणूस परत आला. विजयमाला, म्हणजे त्यांची बायको, ही गोष्ट अजून हसत हसत सांगते. डॉक्टर मात्र ती ऐकताना कधी हसत नाहीत. गाव आपल्याला जीव लावतं हे त्यांना कळतं, आणि त्या जिवाखाली आपला श्वास कोंडतो हेही कळतं. हे सांगायचं कुणाला? जो भेटतो तो पेशंट.

अशा माणसानं पंचेचाळिसाव्या वर्षी नगरच्या एका मेडिकल कॉलेजात नाव घातलं. कोर्स गावोगावच्या फॅमिली डॉक्टरांसाठी होता, दर शनिवारी, वर्षभर. आणि त्यातला अर्धा भाग होता संशोधनाचा. आपल्या दवाखान्यात एक प्रश्न शोधायचा, त्याचं उत्तर नीट पद्धतीनं काढायचं आणि शेवटी सगळ्यांसमोर मांडायचं. ते जमलं नाही तर कोर्स पुरा नाही.

गावात ही बातमी कळली तेव्हा म्हातारी कडूबाई कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. "मंग शनवारी मरायचं न्हाई का आमी?"

"मरू नका, मावशी," डॉक्टर म्हणाले. "रविवारी या."

"बया! ह्या वयात साळंत? आन् मास्तर कोन?"

मास्तर होत्या डॉ. मोनिका. डॉक्टरांपेक्षा चौदा वर्षांनी लहान.

आता ते गेले कशासाठी, तर एका प्रश्नासाठी. गेली कित्येक वर्षं एका तऱ्हेचे पेशंट त्यांच्याकडं येत होते. सांधे दुखतात, पाठ धरते, घामानं अंथरूण भिजतं, काम होत नाही, वजन उतरतं. महिना झाला, दोन महिने झाले, सहा महिने झाले, बरं वाटतं आणि परत उलटतं. कुणी बाहेरून रक्त तपासून येतं आणि टायफॉईड म्हणून सलाईन लावून घेतं. कुणाला संधिवात सांगतात, कुणाला मनाचा आजार. डॉक्टरांना यातलं काहीच पटत नव्हतं. पण पटत नाही म्हणून करायचं काय, ते कुणी शिकवलं होतं का? पुस्तकात असलेला आजार ओळखायला शिकवलं होतं. समोर आहे पण ओळखू येत नाही, त्याच्याशी कसं भिडायचं हे पाच वर्षांत एकाही दिवशी कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून त्यांनी विषय लिहून दिला, "गुरंढोरं सांभाळणाऱ्यांचा लांबलेला आजार : एकोणीस वर्षांच्या नोंदी." विषय मंजूर झाला. वर्गातल्या बाकीच्यांकडं काय होतं? कोरी वही. आणि दहातोंड्यांकडं चार पेट्या! एका शनिवारी त्यांनी त्यातली एक पेटी गाडीच्या डिकीत घातली, कॉलेजात नेऊन मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि हाताची घडी घालून उभे राहिले. आता बाई थक्क होणार, अशी पक्की खात्री.

बाई आधी थक्क झाल्याही. "सर, हे तर सोनं आहे!" म्हणून त्यांनी वीसेक कार्डं पुढ्यात घेतली. वाचत गेल्या. हळूहळू त्यांचा चेहरा बदलला.

"सर, एक विचारू? इथं 'ताप नाही' लिहिलंय. म्हणजे मोजला आणि नव्हता, की मोजलाच नाही?"

डॉक्टरांनी कार्ड हातात घेऊन स्वतःचंच अक्षर बघितलं.

"आणि मोजला असेल तर किती वाजता?"

"सकाळी," डॉक्टर म्हणाले. "ही गुरंवाली माणसं सकाळीच येतात. संध्याकाळी धारा असतात त्यांच्या."

"आणि इथं घाम, वजन, हे काहीच लिहिलेलं नाही. म्हणजे विचारलं आणि नव्हतं, की विचारलं नाही?" त्यांनी आणखी चार कार्डं उलटली आणि आवाज खाली आणला. "वीसपैकी अकरा जणांचं बीपी एकशेवीस-ऐंशी आहे, सर."

डॉक्टरांचे कान तापले. लाजेनं माणूस जमिनीत जातो म्हणतात, तसं झालं असतं तर बरं झालं असतं, निदान तिथून निघता आलं असतं. गर्दीच्या दिवशी अंगठ्यानं नाडी चाचपून एकशेवीस-ऐंशी लिहायची सवय कधी लागली, ते त्यांनाच आठवेना.

मॅडम हसल्या नाहीत. "रागावू नका. मलाही कुणी शिकवलं नव्हतं. आपण मुलांना बीपी बघायला शिकवतो, विचारायला आणि विचारलेलं लिहायला शिकवत नाही. हे पहिल्या वर्षाला शिकवायला पाहिजे आणि मग डॉक्टर म्हातारा होईपर्यंत पुन्हा पुन्हा शिकवत राहायला पाहिजे. आपण काय करतो, तर शेवटच्या वर्षी एक लेक्चर देतो." मग त्यांनी एक कोरा तक्ता दिला. प्रत्येक लक्षणापुढं तीन रकाने होते. होय. नाही. विचारलं नाही. "जुनी कार्डं या तक्त्यात उतरवा. तिसरा रकाना भरायला घाबरू नका."

परत येताना गाडीत त्यांना कॉलेजातला एक दिवस आठवला. तिसऱ्या वर्षाला खेड्यातल्या तीस घरांचा सर्व्हे होता. सात जण मिळून चहाच्या टपरीवर बसले होते. तीसच्या तीस घरं तिथंच भरली. सगळ्या घरात पाणी उकळून पितात, सगळ्या बायका हात धुतात, कुणालाच खोकला नाही. सरांनी सही करून खाली "उत्तम" असा शेरा मारला होता. त्या शेऱ्याचं कोण कौतुक वाटलं होतं तेव्हा! डॉक्टरांना एकट्यालाच गाडीत मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावाच्या फाट्याला लागेपर्यंत त्यांनी दोनदा ठरवलं की पुढच्या शनिवारपासून जायचंच नाही.

पण गेले. घरचा अभ्यासही केला. अभ्यास असा होता की पेशंटला दोन मिनिटं मधे न तोडता बोलू द्यायचं. दोनच मिनिटं. तुम्हाला सोपं वाटतंय ना? करून बघा.

पहिला सापडला तो अल्लाबक्ष. जनावरांचा जुना व्यापारी, पासष्टीचा, तीन वर्षांपासून गुडघा आणि पाठ धरून येणारा. डॉक्टरांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "सांगा, चाचा. सगळं सांगा."

अल्लाबक्ष गोंधळलाच. इकडं तिकडं बघून म्हणाला, "सायेब, तुमची तब्येत बरी हाय ना?"

"माझी बरी आहे. तुमची सांगा."

"आता काय सांगायचं. त्येच. सांदं दुखत्यात. घाम येतो. आन् कसर."

"ताप येतो?"

"ताप न्हाई, कसर. ताप आसता तर तुमाला गावला आसता की! कसर चारच्या सुमाराला भरती. आंग कोमट हुतं, डोळं जळत्यात, चिडचिड हुती. तुमी सकाळी काचंची नळी लावता, तवा ती नसतीच. तुमी म्हनता ताप न्हाई. आमी म्हनतो, बरं."

दोन मिनिटं कधीच संपली होती. डॉक्टर पुढं झुकले. "हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. लई डाव सांगितलं. कसर हाय म्हनलं की तुमी आंगाला हात लावायचा, म्हनायचं, काय न्हाई." तो रागानं नव्हे, अगदी सहज बोलत होता. "आन् मी काय एकलाच हाय व्हय? आमच्यात निम्म्यांना हाय. बाजारकसर म्हनतो आमी तिला."

"कुणाला आहे आणि कुणाला नाही, हे तुम्हाला काय माहीत?"

अल्लाबक्ष हसला. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, डॉक्टरांचा उजवा हात धरला आणि दोन्ही हातांवर टॉवेल टाकला. जनावराचा सौदा असाच होतो. भाव तोंडानं बोलायचा नाही, टॉवेलाखाली बोटं दाबून सांगायचा. "दर बाजाराला पन्नास हात धरतो, सायेब. कोनाचा हात गार, कोनाचा घामेजलेला, कोनाचा कोमट, सगळं कळतं. ज्याला कसर हाय त्यो लौकर सौदा तोडतो. त्याला घरी जाऊन पडायचं आसतं. आमी त्याचा फायदा घेतो, आता खोटं कशाला बोला."

पुढच्या शुक्रवारी दहातोंड्यांनी दवाखान्याला कुलूप लावलं आणि ते घोडेगावच्या बाजारात गेले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! दहा-बारा मैलांवरचा बाजार, जिथं आपले निम्मे पेशंट दर आठवड्याला उभे असतात, तो डॉक्टरांनी कधी बघितलाच नव्हता. कसा बघणार? बाजाराच्या दिवशी पेशंट जास्त. दुपारचे चार वाजले होते. धूळ, शेणाचा वास, गळ्यातल्या घुंगरमाळांचा आवाज. अल्लाबक्ष एकेकाशी टॉवेलाखाली हात मिळवायचा, आणि माणूस बाजूला झाला की डॉक्टरांकडं बघून हळूच मान हलवायचा. "ह्याला हाय." डॉक्टर त्या माणसाला चहाच्या टपरीवर घेऊन जायचे आणि थर्मामीटर लावायचे. अल्लाबक्षनं सात जण दाखवले. सहा जणांना ताप निघाला. एकाला तर एकशे एक होता आणि तो उभ्यानं भजी खात होता.

डॉक्टरांना नाचावंसं वाटलं. खरंच सांगतो, त्या गर्दीत, त्या धुळीत त्यांना वीस वर्षांचं झाल्यासारखं वाटलं. आणि लगेच पेटीतली कार्डं आठवली. सहापैकी पाच जणांची कार्डं त्यांच्या पेटीत होती. पाचही कार्डांवर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ताप नाही.

पुढचं काम रीतीनं झालं. कॉलेजच्या समितीची परवानगी, प्रत्येकाला समजावून घेतलेली सही, मग रक्त. यात तीन महिने गेले. बेचाळीस जणांचं रक्त तपासलं, त्यात एकोणीस जणांना ब्रुसेलोसिस निघाला. नाव घेताना जीभ अडखळते, पण आजार साधा आहे. गाय गाभडली, म्हणजे दिवस भरायच्या आधीच वासरू टाकलं, की तिच्या अंगावरच्या पाण्यातून, अडकलेल्या जारातून म्हणजे वारेतून, कच्च्या दुधातून तो माणसात येतो. उघड्या हातानं जार काढणाऱ्याला हमखास गाठतो. सहा आठवडे नेटानं औषध घेतलं तर बहुतेक बरा होतो. अल्लाबक्षचा गुडघा दोन महिन्यांत एवढा सुधारला की तो टेम्पोतून उडी मारून उतरायला लागला.

इथं गोष्ट संपली असती तर मजा होती. पण विषय काय लिहून दिला होता? एकोणीस वर्षांच्या नोंदी. एकतीस मार्चला मांडणी, आणि जुन्या कार्डांचा तक्ता कोराच. डॉक्टरांनी होता होईल तेवढं टाळलं होतं. आता दहा दिवस उरले.

टाळायचं कारण उघड होतं. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरायचा तर सगळ्या पेट्या "विचारलं नाही" या दोन शब्दांत जात होत्या. शिवाय या मांडणीला गावातली माणसं बोलावलेली होती. अल्लाबक्ष येणार, सरपंच येणार, कडूबाईसुद्धा "साळा बगायला" येणार म्हणून बसली होती. त्यांच्यासमोर भिंतीवर लिहून दाखवायचं की बाबांनो, तुम्ही सांगत होता आणि मी ऐकत नव्हतो? गाव काय म्हणेल? ज्यानं सहा महिने टायफॉईडचं सलाईन लावून घेतलं तो काय म्हणेल? वर्गातला एक सोबती म्हणाला, "अहो दहातोंडे, 'नाही' लिहिलंय ना कार्डावर? मग 'नाही'च्या रकान्यात टाका आणि मोकळे व्हा. कोण तपासणार आहे?" बरोबरच होतं. कुणी तपासणार नव्हतं. टपरीवरची तीस घरं तरी कुणी तपासली होती?

त्याच आठवड्यात संस्कृतीचा फोन आला. ती त्यांची एकुलती एक मुलगी, दूरच्या कॉलेजात डॉक्टरीच्या पहिल्या वर्षाला. "बाबा, आम्हाला खेड्यातली पाच-पाच कुटुंबं दिलीत. फॉर्म भरायचेत. सीनियर म्हणतात, कँटीनमध्ये बसूनच भरा, सगळे तेच करतात. तुमच्या वेळेला काय करायचे?"

डॉक्टरांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"बाबा? हॅलो?"

"घरी जाऊन भर," ते कसेबसे म्हणाले. "पेशंट आलेत, ठेवतो." पेशंट कुणी आलेलं नव्हतं. दुपारचे तीन वाजले होते आणि ते चार पेट्यांच्या मधे खुर्चीत बसले होते. खरं लिहिलं तर पेट्या रद्दीत, खोटं लिहिलं तर आपण रद्दीत. या खोलीला दोन दारं होती. एका दाराशी गाव आणि दुसऱ्या दाराला तो फुलाफुलांचा पडदा. जायचं कुठं?

पडदा सरकवून विजयमाला आली. औषधांच्या खिडकीवर तीच बसते, कार्डंही तीच लावते. दोन दिवस नवऱ्याचं चाललंय काय, हे तिला दिसत होतंच. "अहो, असं किती दिवस बघत बसणार त्यांच्याकडं? कार्ड मी वाचते, तुम्ही तक्ता भरा. उरकून टाकू."

"काय भरू, तेच कळेना."

"ते तुमचं तुम्ही बघा. मी वाचते."

आणि ती वाचायला बसली. दोन ते पाच, रोज. डॉक्टर प्रत्येक नावापाशी थांबायचे, पेन हवेत ठेवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी सगळं "नाही"च्या रकान्यात भरलं. दुसऱ्या दिवशी तो कागद फाडला. तिसऱ्या दिवशी पेन्सिलनं भरायला घेतलं. विजयमालानं पेन्सिल बघितली आणि पुढचं कार्ड वाचायला घेतलं.

सहाव्या दिवशी तिसरी पेटी उघडली. गुरं असलेल्या घरांची कार्डं वेगळी काढायची होती. विजयमाला एकसुरात वाचत होती. नाव, वर्ष, तक्रार, ताप. नाव, वर्ष, तक्रार, ताप. मधेच ती थांबली.

"वाच ना," डॉक्टर मान वर न करता म्हणाले.

"विजयमाला गहिनीनाथ दहातोंडे," तिनं वाचलं. "दोन हजार दहा, ऑगस्ट. चौथा महिना. अंगदुखी, कंबरदुखी. ताप नाही." मग खालची ओळ. "सप्टेंबर. गर्भपात."

डॉक्टरांनी मान वर केली. स्वतःच्या घराचं कार्डही आपण पेटीत ठेवलं आहे हे ते विसरून गेले होते. मागच्या अंगणात तेव्हा दोन गायी होत्या, आजही एक आहे. तिच्या धारा विजयमालाच काढते. बेचाळीस माणसांचं रक्त घेतलं, पण ही त्यांच्या डोक्यातच आली नव्हती. गुरंवाली माणसं म्हणजे पलीकडच्या दारानं येणारी माणसं.

"त्या साली आपली कपिला गाभडली होती," ती कार्डाकडंच बघत म्हणाली. "आषाढात. जार अडकला होता. तुम्ही दवाखान्यात होता, गुरांचा डॉक्टर मिळेना. मीच काढला."

"हातानं?"

"मग कशानं काढतात?"

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. "तुला तेव्हा ताप..."

"ताप नाही. कसर होती. रोज दुपारी चहाच्या वेळेला. मी सांगितलं होतं तुम्हाला. याच खुर्चीत बसला होता. तुम्ही कपाळाला हात लावला आणि म्हणालात, काही नाही, विश्रांती घे." तिनं कार्ड टेबलावर ठेवलं, अगदी अलगद. "मग त्याच्यामुळंच गेलं का ते?"

डॉक्टरांना वाटलं, नाही म्हणावं. एक शब्द. तिलाही बरं वाटेल, आपणही सुटू. एकोणीस वर्षं तेच तर करत आलो.

"माहीत नाही," ते म्हणाले. "असेल. नसेलही. तेव्हा बघितलं असतं तर कळलं असतं. आता कधीच नाही कळणार, विजू."

ती रडली नाही. पदरानं कार्डावरची धूळ तेवढी पुसली. मग म्हणाली, "लिहा की मग. थांबलात कशाला? तिसरा रकाना आहे ना त्याच्यासाठी?"

डॉक्टरांनी पेन्सिल ठेवली आणि पेन उचललं. तिच्या नावापुढं लिहिलं, विचारलं नाही. मग पहिल्या पानापर्यंत मागं गेले आणि पेन्सिलनं भरलेल्या एकेका ओळीवर शाईनं तेच लिहीत आले. अक्षर बिघडत होतं, पण ते थांबले नाहीत. तोवर झालेली तीनशे सोळा घरं. एकतीस तारखेला हेच भिंतीवर दिसणार, कडूबाईला, अल्लाबक्षला, सगळ्यांना. दिसू दे. संस्कृतीला फोन करून टपरीवरच्या तीस घरांचं सांगायचं, हेही त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

ओळी संपल्या तेव्हा पाच वाजून गेले होते. बाहेर कडूबाई दार बडवायला लागली होती. "डाक्टर! आवो डाक्टर! झोपला का काय?"

रोज या आवाजाला डॉक्टर उठतात. आजही अर्धे उठले. आणि परत बसले.

त्यांनी रक्त तपासणीचा एक कोरा फॉर्म काढला, वर आकडा घातला, त्रेचाळीस, आणि बायकोचं नाव लिहिलं. घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मग टेबलावरून हात पुढं करून तिचा हात हातात घेतला. तळवा कोमट होता. नुसता चुलीपाशी बसल्यावर होतो तसा नव्हे. अल्लाबक्षनं सांगितला होता तसा.

"विजू, तुला काय होतंय?"

वीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांनी तिला पहिल्यांदाच विचारला. बाहेर दार वाजत होतं. विजयमालानं एकदा दाराकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं, आणि मग टेबलावरचं घड्याळ उचलून पालथं घातलं.

"दोन मिनिटांत नाही व्हायचं ते," ती म्हणाली.